बासनात बांधलेलं बरंच काही

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक मांजर येऊन राहिली. आधी नुसता आवाज यायचा. मग एका सकाळी दूधवाल्याच्या पायात घोटाळताना ती दिसली. हाडकुळी, एक कान फाटलेला, आणि अंगावर रंगांचा असा पसारा की बघत राहावं. पाठीवर कोळशासारखा काळा डाग, त्याला लागून संत्र्याच्या सालीच्या रंगाचा दुसरा, उजवा गाल काळा, डावा संत्री, पोट आणि चारी पाय पांढरे.

"बोका दिसतो," खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "डोकं बघा ना केवढं आहे."

"भाटी आहे," मी वरून, गॅलरीतूनच म्हटलं.

"तुम्ही कधी पाहिलं जवळून?"

"जवळून कशाला पाहायला पाहिजे? तीन रंग आहेत ना अंगावर, मग भाटीच. लावता पैज?"

तर्री पोह्यांची पैज लागली. पुढच्या आठवड्यात कान दाखवायला तिला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा निकाल लागला, आणि काकांनी मुकाट्याने चार प्लेटा आणल्या. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवल्याचा मला झालेला हा बहुधा एकमेव रोख फायदा. खरं तर पैज शंभर टक्के सुरक्षित नव्हती. हजारो तिरंगी मांजरांत एखादा बोका निघतो, एक एक्स गुणसूत्र जास्तीचं घेऊन जन्मलेला. पण तेवढी जोखीम तर्री पोह्यांसाठी घ्यायला हरकत नाही.

सासूबाईंनी तिचं नाव गोधडी ठेवलं. "उरलेल्या चिंध्या जोडून शिवलंय कुणीतरी हिला," त्या म्हणाल्या. नाव चपखल आहे. पण गोधडीत ठिगळं वेगवेगळ्या लुगड्यांची असतात. या गोधडीतलं प्रत्येक ठिगळ एकाच ताग्यातलं आहे, अगदी धाग्याला धागा तोच. आणि तरी एक काळं, एक संत्री. हे कसं, ते सासूबाईंना सांगायला बसले आणि सांगता सांगता लक्षात आलं की वर्गात मी हे तीस वर्षं चुकीच्या टोकाकडून सांगत आले.

मांजरात संत्री रंग देणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, जोडीला वाय. त्यामुळे तो संत्री तरी असतो नाही तर काळा तरी. (पांढऱ्याचा हिशेब वेगळा, ते जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर.) भाटीकडे एक्स दोन. एकावर संत्री, दुसऱ्यावर काळा, असं असू शकतं. पण मग दोन्ही मिसळून सगळं अंग एकसारखं चहाच्या रंगाचं का होत नाही? ठिगळं का पडतात?

याचं उत्तर मेरी लायन या इंग्लिश बाईंनी १९६१ साली दिलं. त्या इंग्लंडमधल्या हारवेलला उंदरांवर काम करत. केंब्रिजला शिकल्या तेव्हा तिथे बायकांना पुरुषांसारखी पूर्ण पदवीही मिळत नसे, नावापुरती मिळे. 'नेचर'मधला त्यांचा तो लेख जेमतेम पानभराचा आहे. त्यांचं म्हणणं असं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बंद पडतो. हे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत होतं, पेशी अजून मोजक्या असताना. कोणता बंद पडेल याला नेम नाही, छापा-काटा. पण एकदा जो बंद पडला तो पडला. त्या पेशीच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या तोच एक्स बंद ठेवतात, मरेपर्यंत.

गोधडीच्या पाठीवरचा तो काळा डाग म्हणजे एक खानदान आहे. कधीतरी, तिच्या आईच्या पोटात, एका पेशीत संत्रीवाला एक्स बंद पडला आणि तिच्या वंशातल्या रंगपेशी त्या जागी येऊन वसल्या. शेजारच्या डागाचं खानदान वेगळं. रंगपेशी मुळात पाठीच्या कण्याच्या कडेने तयार होतात आणि तिथून चालत चालत पोटाकडे, पायांकडे उतरतात. गोधडीचे पाय पांढरे, कारण तिथवर कुणी पोचलंच नाही. ज्या मांजरांच्या अंगावर पांढरं फार असतं त्यांचे डागही मोठे असतात, कारण निघालेल्या पेशी थोड्या आणि जागा भरपूर, एकेक कुटुंब ऐसपैस पसरतं. पांढरं अजिबात नसलं की काळं-संत्री असं बारीक मिसळतं की लांबून कासवाची पाठ वाटावी.

हा बंद पडलेला एक्स नुसता तर्क नव्हता. तो आधीच दोघांनी पाहिला होता, आणि पाहिला होता तोही मांजरातच. कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्राम थकलेल्या चेतापेशींत काय बदल होतात ते बघत होते. १९४९ ची गोष्ट. सूक्ष्मदर्शकाखाली काही मांजरांच्या पेशींत केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींत दिसत नसे. नोंदी चाळल्या तर ठिपकावाल्या सगळ्या माद्या. ठिपका म्हणजे काय हे त्यांना कळलं नव्हतं. दहा वर्षांनी सुसुमु ओहनो यांनी दाखवलं की ते एक अख्खं एक्स गुणसूत्र आहे, घट्ट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं.

गुंडाळून ठेवलेलं. हा शब्द मी वर्गात हजार वेळा वापरला असेन, पण सासूबाईंना सांगताना तोंडून भलताच शब्द निघाला. मी म्हटलं, "बासनात बांधून ठेवलेलं."

माझी आजी आर्वीची. तिच्या देवघरात लाल कापडाच्या बासनात एक पोथी असायची. अंघोळ करून, ओलेत्याने नैवेद्य दाखवून ती पोथी सोडायची आणि रोज फक्त अकरावा अध्याय वाचायची. मराठी घरात वाढलेल्यांना कोणती पोथी ते सांगायला नको. त्या अध्यायाची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती, कोपरे झिजून गोल झाले होते. पुढची-मागची पानं मात्र छापखान्यातून आली तशी करकरीत. मी लहानपणी विचारलं होतं, बाकीचं तू वाचत का नाहीस? ती म्हणाली, "आपल्याला हाच लागतो." मग आवरून पुन्हा बासनात.

तर शरीराचं असं आहे. माणसाच्या अंगात सुमारे ३७ लाख कोटी पेशी, आणि लाल रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर प्रत्येकीजवळ तीच पोथी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. प्रथिनं बनवण्याच्या कृती म्हणाल तर वीस हजारांच्या आसपास. माझ्या टाचेच्या भेगाळलेल्या कातडीतसुद्धा इन्शुलिनचं जनुक आहे. डोळ्याच्या भिंगातली पारदर्शक प्रथिनं बनवायची कृती यकृतात आहे. पण यकृत ते पान सोडत नाही. ते आपला अल्ब्युमिनचा अध्याय रोज वाचतं. इन्शुलिनचं पान सोडतात फक्त स्वादुपिंडातल्या काही पेशी. जगायला जे सगळ्यांनाच लागतं, म्हणजे साखर जाळणं, कचरा काढणं, ते धुणीभांड्याचे अध्याय सगळ्या घरांत वाचले जातात. त्यापलीकडे कोण काय वाचतो यावर तो चेतापेशी की स्नायू की हाड हे ठरतं. मी हेच उलटं शिकवत आले. चेतापेशीला काय येतं, स्नायूला काय येतं, असं. खरं म्हणजे येत सगळ्यांना सगळंच असतं. चेतापेशी चेतापेशी होते ती बाकीची बासनं न सोडल्यामुळे.

आणि बासन हा शब्द मी उगाच अलंकार म्हणून वापरत नाहीये. एका पेशीतला डीएनए ताणून धरला तर दोन मीटर भरेल. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसतो, कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. जिथे रिळं ढिली तिथलं पान वाचता येतं. जिथे घट्ट आवळलेली तिथे वाचणाऱ्या यंत्रणेचं बोटही शिरत नाही. कुठे ढिलं, कुठे घट्ट, हे रिळांच्या शेपट्यांवर आणि खुद्द डीएनएवर चिकटवलेल्या बारीक रासायनिक खुणा ठरवतात. पेशी दुभंगते तेव्हा जुन्या धाग्यावरच्या खुणा बघून नव्या धाग्यावर तशाच खुणा करत जाणारं एक एन्झाइम असतं. त्यामुळे पोथीची नक्कल होते तशी गाठींचीही होते. यकृताच्या पेशीची लेक यकृतातच राहते, तिला पुन्हा शिकवावं लागत नाही. पहिल्यांदा कोणती गाठ सोडायची, कोणती मारायची, हे मात्र गर्भातल्या पेशीला बरंचसं शेजारीपाजारी सांगतात. कोण कुठे आहे, कोणाकडून कोणता रेणू किती झिरपतोय, यावर. मुलाचं नशीब वाड्यातल्या खोलीवरून ठरावं तसंच काहीसं.

एक्सची गाठ तर स्वतःची स्वतःच मारली जाते. त्यावर एक जनुक आहे, १९९१ मध्ये सापडलेलं. त्याला एक्झिस्ट म्हणतात. त्याच्यापासून प्रथिन बनत नाहीच, नुसता आरएनएचा सतरा हजार अक्षरांचा लांबलचक धागा निघतो आणि ज्या गुणसूत्रातून निघाला त्यालाच लपेटत जातो. रेशमाचा किडा स्वतःभोवती कोष विणतो ना, तसा. काही जनुकं त्या कोषातूनही डोकं बाहेर काढतात, पण बहुतेक गप्प होतात. ही गाठ सुटते फक्त एके ठिकाणी, पुढच्या पिढीची अंडपेशी घडताना. बाकी आयुष्यभर नाही.

हे सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपणही गोधडीच की."

आहोतच. फक्त आपल्या ठिगळांचा रंग दिसत नाही. चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात नावापुरते, अंगावर केस विरळ, टक्कल लवकर, आणि सिंधच्या उन्हाळ्यात त्यांची कातडी फार कोरडी पडे, कारण घाम येत नसे. घरातल्या बायकांना यातलं काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांत मात्र पुन्हा तेच. त्या जनुकाचं ठिकाण एक्सवर आहे. आणि बायका पूर्णपणे सुटतात असंही नाही. जिच्या एका एक्सवर हा दोष आहे अशा बाईच्या पाठीला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरवली आणि घाम येऊ दिला की जिथे घाम तिथे काळंनिळं होतं, आणि मधेमधे कोरडे, पांढरे पट्टे राहतात. तिथल्या पेशींनी निरोगी एक्स बासनात बांधला होता. कुणाच्या लक्षातही न आलेला, जन्माआधी झालेला निवाडा, पाठीवर असा उमटतो.

बासनाचं एक बरं असतं. आतलं पान शाबूत असतं. पण ते शाबूत असतं हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतले आउगुस्ट वाइसमान यांचं म्हणणं होतं की पेशी जसजशी विशिष्ट काम पत्करते तसतशी तिची नको असलेली पानं कायमची गळून जातात. ऐकायला पटतं. टाचेला कशाला हवी इन्शुलिनची कृती?

जॉन गर्डन नावाच्या मुलाला १९४९ साली शाळेत जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा नंबर मिळाला होता. याला शास्त्रज्ञ व्हायचं आहे म्हणे, हा निव्वळ हास्यास्पद विचार आहे, अशा अर्थाचा शेरा मास्तरांनी प्रगतिपुस्तकावर मारला. (मी मारलेले काही शेरे आठवून या ठिकाणी मी नेहमी गप्प होते.) तोच गर्डन पुढे ऑक्सफर्डला बेडकांवर काम करू लागला. आफ्रिकेतला नखवाला बेडूक तेव्हा प्रयोगशाळांत सहज मिळे, कारण त्याच्यावर गरोदरपणाची चाचणी होत असे. बाईची लघवी बेडकीला टोचायची, दुसऱ्या दिवशी तिने अंडी घातली की बाई गरोदर. तर गर्डनने अशा बेडकीच्या अंड्याचं स्वतःचं केंद्रक अतिनील किरणांनी मारलं आणि त्या जागी बेडूकमाशाच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, आतड्यातल्या पेशीचं केंद्रक सोडलं. आतड्याची पेशी, जिचं सगळं आयुष्य अन्न शोषण्यात जाणार. शेकडो प्रयत्नांत बहुतेक फसले. मोजके तगले, आणि त्यातून पोहणारे बेडूकमासे झाले. १९६२ मध्ये हे छापून आलं. पुढे काही धडधाकट, पिल्लं होऊ शकणारे बेडूकही झाले. म्हणजे आतड्यात डोळ्याचं पान होतं. पायाचं होतं. सगळी पोथी होती. अंड्यात असं काहीतरी असतं की जे गाठी सोडतं.

त्याच वर्षी, १९६२ ला, जपानमध्ये शिन्या यामानाका जन्मले. त्यांनी २००६ मध्ये अंड्याशिवाय गाठी सोडून दाखवल्या. चोवीस जनुकांची यादी करून एकेक वगळत ते चारवर आले. उंदराच्या कातडीखालच्या पेशीत ती चारही जनुकं जागवली की ती पुन्हा गर्भातल्यासारखी, काहीही होऊ शकणारी पेशी होते. दोघांना २०१२ चं नोबेल एकत्र मिळालं.

पण गाठी नेहमीच पूर्ण सुटतात असं नाही. याचा सगळ्यात सुरेख पुरावा पुन्हा एक मांजर आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ ला जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. नाव सीसी. जिच्या पेशीपासून बनवलं ती रेनबो, आमच्या गोधडीसारखी तिरंगी. पिल्लाच्या अंगावर संत्रीचा एक केसही नव्हता. पोथी अक्षर न् अक्षर तीच. पण ज्या एका पेशीतून केंद्रक उचललं तीत संत्रीवाला एक्स बासनात होता, आणि तो क्लोनमध्येही तसाच बांधलेला राहिला, असा त्याचा अर्थ लावतात. मेलेल्या मांजराची हुबेहूब प्रत करून देतो म्हणून पैसे घेण्याचा धंदा नंतर अमेरिकेत निघाला. गिऱ्हाइकांना सीसीचा फोटो आधी दाखवत असतील का, असं मला फार वाटतं.

आणि खुद्द संत्री रंग? त्याचं जनुक कोणतं हे इतकी वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं. लायनबाई २०१४ च्या नाताळच्या दिवशी गेल्या, त्यांनाही कळलं नाही. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी ते छापलं. मला वाटलं होतं एखादं जनुक बिघडलेलं असेल. तसं नाही. जनुक ठणठणीत आहे. त्याच्या शेजारचा-आतला सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गहाळ आहे, बहुधा गाठ मारायची जागाच. त्यामुळे जे पान रंगपेशीने कधी वाचायचंच नसतं ते तिच्यात उघडं राहतं, आणि काळा रंग बनवायचं काम बाजूला पडून संत्री बनू लागतो. गल्लीत फिरणारा प्रत्येक संत्री बोका म्हणजे एक चुकून उघडं राहिलेलं बासन आहे.

इथवर सासूबाईंना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

२००७ साली अकरावीच्या वर्गात गडचिरोलीकडची एक मुलगी होती. हॉस्टेलवर राहायची. हुशार, वहीच्या समासात बारीक फुलं काढायची सवय. डिसेंबर लागला की आठवडा-आठवडा गैरहजर. मैत्रिणी म्हणायच्या, तिची हाडं दुखतात. सिकलसेल होता तिला, आई आणि बाप दोघांकडून आलेला, म्हणजे वाहक नव्हे, ग्रस्त. विदर्भात शिकवणाऱ्या माणसाला हे दोन शब्द बाराखडीइतके पाठ असतात. रक्त शोधणं, सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस, लग्न जुळवताना पत्रिकेच्या आधी मागितला जाणारा रिपोर्ट. आजार मी फळ्यावर चार ओळींत शिकवायचे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन, एका अक्षराचा फरक, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, वेदना. परीक्षेला येतं, लिहून घ्या.

त्या दिवशी तास संपल्यावर ती थांबली. "मॅडम, एक अक्षर चुकलं असेल तर ते जन्मापासूनच चुकलं असेल ना?"

"हो."

"पण माझी आई म्हणते, सहा महिन्यांची होतपर्यंत मला काहीच नव्हतं. चांगली गुटगुटीत होती. मग कुठून आलं?"

आई नजर लागली म्हणत होती, हे तिने सांगितलं नाही, मला नंतर कळलं. मी घड्याळ बघितलं. पुढचा तास होता. म्हटलं, "पुढच्या वर्षी जनुकांचं नियंत्रण आहे, तेव्हा सांगते." पुढच्या वर्षी त्या धड्यात जीवाणूंचा लॅक ओपेरॉन होता. बोर्डाला तोच लागतो. मी तोच शिकवला. ती पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मला आठवलं नाही.

आठवलं असतं तर काय सांगितलं असतं? की बीटाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. (अकराव्या! आजीला हे फार आवडलं असतं.) आणि ते तिथे एकटं नाही. एका ओळीत त्याची भावंडं बसलेली आहेत, आणि ज्या क्रमाने बसलीत त्याच क्रमाने माणसाच्या आयुष्यात उघडली जातात. सगळ्यात आधीचं, गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांपुरतं. मग गॅमा, आईच्या पोटातल्या उरलेल्या दिवसांसाठी. त्यापासून बनणारं गर्भातलं, म्हणजे फीटल, हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला जास्त चिवट असतं. जन्मानंतर गॅमा हळूहळू बासनात जातं आणि बीटा उघडतं. हा खांदेपालट व्हायला काही महिने लागतात. ती गुटगुटीत होती तेव्हा तिच्या अंगात गर्भातलंच हिमोग्लोबिन होतं, आणि ते वाकत नाही. चुकीचं अक्षर तेव्हाही होतं. फक्त ते पान अजून नीटसं उघडलेलं नव्हतं.

हे काही नवं ज्ञान नव्हतं. ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच नोंदवलं होतं की सिकलच्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, आणि कारण गर्भातलं हिमोग्लोबिन असावं. माझ्या कपाटातल्या पुस्तकात ते होतं. मला वेळ नव्हता, एवढंच.

गॅमाची गाठ कोण मारतं, हे मात्र तेव्हा खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, बोस्टनच्या गटाने बीसीएल-११-ए हे नाव पुढे आणलं. हे प्रथिन मोठ्या माणसाच्या रक्तपेशी बनताना गॅमावर बसून त्याला गप्प ठेवतं. मग लोकांच्या डोक्यात साहजिकच आलं की चुकलेलं अक्षर दुरुस्त कशाला करायचं, गाठ मारणाऱ्यालाच अडवू या. अडचण ही की तेच प्रथिन मेंदूत आणि इतरत्रही कामाला आहे, ते समूळ काढता येत नाही. पण त्याचं जे बटण फक्त लाल पेशींच्या घराण्यात चालतं, तेवढंच कापता येतं. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढायच्या, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने तेवढं बटण निकामी करायचं, केमोथेरपी देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि या पेशी परत सोडायच्या. त्या पुन्हा गर्भातलं हिमोग्लोबिन बनवू लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने याला परवानगी दिली, डिसेंबरात अमेरिकेने. तिथली किंमत बावीस लाख डॉलर. गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात मिळते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. जुनी, स्वस्त, आणि तीही बऱ्याच अंशी हेच करते, गॅमाची गाठ थोडी ढिली करते. तिच्या बाबतीत करत होती, असं नंतर कळलं.

गेल्या डिसेंबरात तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. लग्न झालं, नवऱ्याचा रिपोर्ट आधी करून घेतला, तो साधा निघाला, म्हणजे ना ग्रस्त ना वाहक. बाळंतपण जोखमीचं होतं, नागपूरलाच केलं. मुलगी झाली. बाळाचं रक्त तपासायला पाठवलं होतं आणि कागद तिच्या हातात होता.

"मॅडम, एएस, म्हणजे वाहक, येणार हे मला माहीत होतं. माझा एक एस तर जाणारच. पण यावर एफएएस लिहिलंय. ए कळतो, एस कळतो. हा एफ कुठून आला? आणि तो सगळ्यात पहिला का?"

गोधडी माझ्या मांडीवर चढून संत्री गालाने फोनची कड घासत होती. गोधडीला खाली ठेवलं आणि फोनवर तिला विचारलं, तुला वेळ आहे का. ती म्हणाली, बाळ आत्ताच झोपलंय, तासभर आहे.